‘एकेकाळचे गायक’ म्हणायचं कुणाला?

मागच्या महिन्यात एका कार्यक्रमाला गेले होते. निवेदकाने एका ज्येष्ठ बाईंची ओळख करून दिली, “या एकेकाळी युरोपात ऑपेरा गायच्या, आता क्लास घेतात.” एवढंच. टाळ्याही त्या ओळखीला साजेशाच पडल्या, पातळ. नंतर चहाच्या टेबलाशी यावरून वाद पेटला. एक गट म्हणत होता की बिचाऱ्या, इतकं शिकून परदेशी गेल्या आणि शेवटी पोरांना सा रे ग म घोकवायची वेळ आली. दुसऱ्या गटाला ते लागलं, मग गुरु म्हणजे काय, गुरुशिवाय ज्ञान नाही, गुरुपौर्णिमा, सगळं निघालं. मी दोन्हीकडचं ऐकत होते आणि मला दोन्ही बाजू तितक्याच पोकळ वाटत होत्या, कारण एकाला कीव करायची होती, दुसऱ्याला पाया पडायचं होतं, आणि त्या बाई रोज सकाळी क्लासमध्ये नक्की करतात काय हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. परक्या देशात जाऊन ऑपेरा गायलेला माणूस पुढे आवाजाचा शिक्षक होतो तेव्हा तो खाली उतरत नाही, त्याचं काम बदलतं. आणि बऱ्याच वेळा त्याचं खरं मोठं काम तिथूनच सुरू होतं. त्याला कारणंही तीच आहेत ज्यांची आपण कीव करतो, म्हणजे त्याचा आवाज कधीतरी त्याला दगा देऊन गेलेला असतो आणि तो जिथे गातो तिथला तो नसतो.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण मॅन्युएल गार्सिया. जन्म १८०५ चा, स्पॅनिश घर, आणि घर कसलं, गाण्याचा कारखानाच. वडील नावाजलेले टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक, रोसिनीच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ या ऑपेराच्या १८१६ मधल्या पहिल्या प्रयोगात काउंटची भूमिका त्यांनी केलेली. एक बहीण मारिया मालिब्रान, दुसरी पोलिन व्हियार्दो, दोघींच्या नावाने युरोपातली थिएटरं भरायची. १८२५ मध्ये हे सगळं कुटुंब बोटीने न्यूयॉर्कला गेलं आणि तिथे इटालियन ऑपेरा इटालियनमध्ये पहिल्यांदा उभा केला, त्यात ‘सेव्हिलचा न्हावी’मधला न्हावी २० वर्षांचा हा मुलगा झाला होता. तिथून मेक्सिको, आणि परतीच्या वाटेवर दरोडेखोरांनी कमाई लुटली. मुलाचा आवाज तोपर्यंत कोवळ्या वयातल्या ताणाने थकलेला. १८३० च्या आत-बाहेर त्याने स्टेज सोडलं. म्हणजे आपल्या निवेदकाच्या हिशोबाने पंचविशीतच ‘एकेकाळचा गायक’.

त्यानंतर हा माणूस ७५ वर्षं जगला! आधी फ्रेंच सैन्याबरोबर अल्जीरियाला गेला, मग पॅरिसच्या लष्करी इस्पितळांत काम करता करता कंठ आतून कसा असतो ते शिकला, १८४० मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीपुढे माणसाच्या आवाजावर निबंध मांडला, पॅरिसच्या संगीत विद्यालयात प्राध्यापक झाला, १८४८ ची क्रांती झाली तेव्हा लंडन गाठलं आणि तिथल्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये १८९५ पर्यंत शिकवत राहिला. स्टेजवरची वर्षं मोजली तर हाताची बोटं पुरतात, शिकवण्याची वर्षं मोजायला दोन पिढ्या लागतात. आता यातलं करिअर कुठलं आणि करिअरनंतरचं उरलंसुरलं कुठलं?

त्याच्या आयुष्यातला एक दिवस मला फार आवडतो. १८५४, पॅरिस. पॅले रॉयालच्या बागेत तो फिरतोय, खिडकीच्या काचेवर ऊन चमकतं आणि त्याच्या डोक्यात येतं की आरशाने ऊन वळवता येतं तर ते घशातही वळवता येईल. तसाच उठून तो शस्त्रक्रियेची हत्यारं विकणाऱ्याच्या दुकानात जातो. तिथे लांब दांडीचा, दाताच्या डॉक्टरांसाठी बनवलेला छोटा आरसा पडून असतो, कुणी घेत नसतं, तो सहा फ्रँकला घेतो. घरी येऊन तो आरसा गरम पाण्यात धरतो, म्हणजे श्वासाने धुकं बसणार नाही, मग पुसून पडजिभेला टेकवतो, दुसऱ्या हातातल्या आरशाने त्यावर ऊन पाडतो, आणि स्वतःच्या घशात खाली उघडझाप करणाऱ्या स्वरतंतूंकडे बघत बसतो. पन्नाशीला टेकलेला माणूस! दोन-तीन दशकं जे कानाने ओळखून मुलांना सांगत आला ते डोळ्याने दिसलं. पुढच्या वर्षी त्याने हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे ठेवलं. त्याच्या आधी बॅबिंग्टन नावाच्या लंडनच्या डॉक्टरने १८२९ मध्ये असं काहीसं करून पाहिलं होतं, ते खरंय, आणि दवाखान्यात वापरायचं हत्यार म्हणून ते रुजवलं व्हिएन्नाच्या ट्युर्कने आणि पेस्टच्या, म्हणजे आजच्या बुडापेस्टच्या, चेरमाकने. पण जिवंत माणूस गाताना कंठात काय होतं हे नीट पाहून मांडणारा हा पहिला, आणि तो गाण्याचा मास्तर होता. आवाज टिकला असता तर तो आरसा घ्यायला दुकानात गेला असता का? मला नाही वाटत. ज्याचं सुरळीत चाललंय तो आपला घसा उघडून कशाला बघेल?

इथे आपल्याकडचे लोक हमखास म्हणतात की हे तिकडचं झालं, आपल्या गाण्यात असं नसतं. मग अल्लादिया खाँसाहेबांचं काय? जन्म १८५५, राजस्थानातल्या उणियाऱ्याचा. तरुणपणी अमलेट्याच्या दरबारात अति गाऊन आवाज बसला, पुन्हा पूर्वीसारखा आलाच नाही. मग जो आवाज उरला त्याला झेपेल अशी गायकी त्यांनी नव्याने बांधली, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात येऊन राहिले, भास्करबुवा बखल्यांना शिकवलं, गोव्याच्या केरीच्या केसरबाईंना आणि कुर्डीच्या मोगूबाईंना शिकवलं, आणि आज जयपूर-अत्रौली घराणं म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर महाराष्ट्र आणि गोवाच येतो. त्यांची मैफल थांबली नव्हती हा फरक आहेच, गार्सियाची थांबली होती. पण आवाज बसलेला बाहेरगावचा माणूस आपल्याकडे येऊन शिकवतो आणि आपलंच गाणं बदलून जातं, हे आपण अभिमानाने सांगतो ना? विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेहून निघून १९०१ मध्ये लाहोरला विद्यालय काढतात त्यालाही आपण कार्य म्हणतो. मग लंडनहून परत आलेल्या किंवा लंडनलाच राहिलेल्या बाईंनी क्लास घेतला की तेच ‘वेळ आली’ कसं होतं?

आता समोरच्या बाजूचे जे मुद्दे खरोखर वजनदार आहेत ते घेते, कारण चहाच्या टेबलावर तेही कुणी नीट मांडले नाहीत.

पहिला मुद्दा, आवाज शिकवणं हा धंदा बेफाम आहे. डॉक्टरला परवाना लागतो, रिक्षावाल्याला बिल्ला लागतो, गाण्याच्या क्लासला पाटी पुरते. परदेशात दोन-चार प्रयोगांत कोरसमध्ये उभं राहून आलेला माणूस इथे ‘ऑपेरा सिंगर’ म्हणून महिन्याला भरमसाट फी घेतो आणि सोळा वर्षांच्या मुलीचा घसा वर्षभरात खरवडून टाकतो, हे होतं. मी स्वतः पाहिलंय, माझ्या भाचीच्या बाबतीत, सहा महिने तिला कुजबुजल्यासारखं बोलावं लागत होतं. आणि खुद्द गार्सियाचीही एक गोष्ट इथे सांगायला हवी. स्वर कंठातून स्वच्छ, नेमका सुरू करायची जी युक्ती त्याने शिकवली, तिचं नाव घेऊन पुढे कित्येकांनी घशावर ठोसे मारल्यासारखं गायला शिकवलं, त्याने ‘जोर नको’ सांगूनसुद्धा. तेव्हा शिक्षक झाला म्हणजे आपोआप वंदनीय हे मला अजिबात मान्य नाही. पण बघा, हा मुद्दा शिकवण्याच्या कामाला हलकं करत नाही, उलट किती वजन आहे त्यात ते दाखवतो. ज्या कामात चूक झाली तर पोरीचा आवाज जातो ते काम उरलेल्या वेळात करायचं असतं का?

याच गार्सियाकडे १८४१ मध्ये जेनी लिंड आली होती. वय विसाच्या आसपास, स्वीडनची लाडकी गायिका, आणि आवाज पार झिजलेला. त्याने तिला काय शिकवलं सुरुवातीला? काहीच नाही. गायचं नाही, बोलायचंही होईल तितकं कमी, काही आठवडे गप्प बस आणि मग ये. विचार करा, पैसे घेऊन शिकायला आलेल्या नामांकित मुलीला ‘गप्प बस’ सांगायला काय लागत असेल! स्वतःचा आवाज गमावलेला माणूसच ते सांगू शकतो, कारण कुठल्या दिवशी थांबायला हवं होतं हे त्याला पाठ असतं. ती गप्प बसली, परत आली, सुमारे वर्षभर शिकली, आणि पुढे सगळा युरोप-अमेरिका तिच्यामागे वेडी झाली. नंतर ती इंग्लंडमध्येच स्थायिक झाली, आणि १८८३ मध्ये लंडनचं रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक सुरू झालं तेव्हा तिथे गाण्याची प्राध्यापक म्हणून उभी राहिली. परदेशी ऑपेरा गायिका, मग आवाजाची शिक्षिका, परत तीच गोष्ट.

दुसरा मुद्दा जास्त अवघड आहे. बाहेरचा माणूस बाहेरचाच, त्याला त्या गाण्याची माती कुठून कळणार, आणि त्याने शिकवलेलं म्हणजे नकलेची नक्कल. हे बोलणारे लोक मूर्ख नाहीत. गाणं भाषेत राहतं, आणि भाषा आईच्या दुधाबरोबर येते हे मीही मानते. पण मग मला एक सांगा, तुम्हाला ‘ळ’ शिकवता येतो का? मला येत नाही. जन्मापासून ‘ळ’ म्हणतेय, पण शाळेतल्या बंगाली मैत्रिणीने ‘बाळ’ कसं म्हणायचं विचारलं तेव्हा मी नुसतं “बाळ, बाळ” म्हणत राहिले, दरवेळी जरा मोठ्याने. तिला तो शिकवला आमच्याच शाळेच्या ऑफिसातल्या बिहारच्या एका दादाने, जो वीस वर्षांपूर्वी पुण्यात येऊन स्वतः शिकला होता. तो म्हणाला, जीभ मागे वळव, टाळूला लाव आणि पुढे झटकून सोड. दोन दिवसांत जमलं तिला. मराठी माझीच जास्त चांगली आहे, पण रस्ता त्याला माहीत होता, कारण तो चालून आला होता, मी तर तिथेच जन्मले. ऑपेरात परकी माणसं इतकी चांगली शिक्षक का होतात याचं माझ्यापुरतं उत्तर हेच आहे. इटालियन स्वर कुठे उघडतात, जर्मन व्यंजनं श्वास न तोडता कशी म्हणायची, हे त्यांना कानावर पडून आलेलं नसतं, एक एक करून कमवावं लागलेलं असतं. आणि जे कमावलंय ते मोजून देता येतं.

अथेन्समध्ये एल्विरा दे इदाल्गो शिकवायच्या. मूळच्या स्पेनच्या, स्वतः नाजूक तानांच्या गायिका, मोठमोठ्या थिएटरांत गाऊन झालेल्या. १९३९ च्या सुमाराला त्यांच्याकडे एक जाड चष्म्याची, न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली ग्रीक पोरगी आली, आवाज दणकट आणि रांगडा. कुणीही सांगितलं असतं की हिला जड भूमिका द्या आणि मोकळे व्हा. बाईंनी तिला जुन्या इटालियन ऑपेरांतल्या हलक्या, वेगवान ताना घोटायला लावल्या. ती मुलगी म्हणजे पुढे ऑपेरात जगभर गाजलेली मारिया कॅलस. सकाळी पहिली यायची, संध्याकाळी शेवटची जायची, दुसऱ्यांचेही धडे ऐकत बसायची. मग १९४९ च्या जानेवारीत व्हेनिसमध्ये ती जर्मन संगीतकार व्हागनरच्या ऑपेरातली ब्रुनहिल्ड गात होती, म्हणजे ऑपेरातल्या सगळ्यात वजनदार भूमिकांपैकी एक, आणि तेवढ्यात बेल्लिनीच्या ऑपेरातली हलकी सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका, आजारी पडली, तर कॅलसने त्याच महिन्यात तीही भूमिका आठवड्याभरात तयार करून गायली. लोकांना चमत्कार वाटला. दहा वर्षांपूर्वी अथेन्समधल्या एका खोलीत एका परदेशी बाईने तो चमत्कार रोज थोडा थोडा करून ठेवला होता.

लोटे लेहमानचं उदाहरण तर याच्याही पुढचं आहे. व्हिएन्नाची राणीच ती, संगीतकार रिचर्ड श्ट्राउसच्या ऑपेरांतल्या भूमिका पहिल्यांदा गाणारी. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या हातात गेला आणि ती अमेरिकेची झाली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये निरोपाचं गाणं गायली, अखेरीला शुबर्टचं एक गाणं गाताना कंठ दाटून शेवटची ओळ तिला म्हणताच आली नाही. नंतर कॅलिफोर्नियात, सांता बार्बराला शिकवायला लागली. तिची एक शिष्या ग्रेस बम्ब्री, सेंट लुईसची कृष्णवर्णीय मुलगी. १९६१ मध्ये ही मुलगी बायरॉइटला, खुद्द व्हागनरच्या थिएटरात व्हीनसच्या भूमिकेत उभी राहिली तेव्हा जर्मनीत निषेधाची पत्रं गेली, पेपरांनी आरडाओरडा केला, आणि प्रयोग संपल्यावर टाळ्या अर्धा तास थांबेनात. आता मातीचा हिशोब लावा. जर्मन परंपरा निर्वासित बाईच्या गळ्यातून कॅलिफोर्नियाला गेली, आणि जिला तिथे कुणी आत घेतलं नसतं अशा मुलीच्या गळ्यातून जर्मनीला परत आली. मातीतल्याच लोकांनी ती सांभाळायची असती तर त्या वर्षांत काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो आणि तो मी मान्यच करते. कितीतरी गायक शिकवायला लागतात कारण त्यांना गायला देत नाहीत. परक्या देशात नाव उच्चारता येत नाही म्हणून, रंग भूमिकेला शोभत नाही म्हणून, व्हिसाची मुदत संपते म्हणून, बाळंतपणानंतर फोन यायचे बंद होतात म्हणून. अशा वेळी “शिकवणं किती थोर” म्हणणं म्हणजे दार बंद करणाऱ्यांचं पाप झाकणं होतं. बरोबर आहे. मला त्या दारांबद्दल काहीही गोड बोलायचं नाही, तिथे भांडलंच पाहिजे. पण दार बंद झालं हा त्या दाराचा दोष आहे, त्यानंतर माणसाने जे काम उभं केलं त्याच्या किमतीतून तो वजा का करायचा? अन्याय झाला म्हणून पुढचं काम दुय्यम, असं म्हणणारा माणूस नकळत त्याच थिएटरवाल्यांच्या तराजूत तोलत असतो.

आणि प्रत्येक वेळी दार बंद झालेलं असतंच असंही नाही. पॅट्रिशिया रोझारिओ बघा. मुंबईत वाढलेली, गोव्याच्या घरातली मुलगी, लंडनच्या गिल्डहॉल संगीत विद्यालयात शिकली, तिथेच राहिली, आणि जॉन टॅव्हनरसारख्या संगीतकाराने ३० हून जास्त रचना तिचा आवाज डोळ्यासमोर ठेवून लिहिल्या. २००१ मध्ये ओबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. म्हणजे हिला तर कुणी बिचारी म्हणू शकत नाही. तरी ती रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकवते, जिथे जेनी लिंड शिकवायची तिथेच, आणि २००९ पासून पियानोवादक नवरा मार्क ट्रूप यांच्याबरोबर इथे येऊन मुंबई-गोव्यासकट ठिकठिकाणच्या मुलांना शिकवायचं काम तिने सुरू केलं. कारण इथल्या मुलाला पाश्चात्त्य पद्धतीने आवाज तयार करायचा तर विमानाच्या तिकिटापासून सुरुवात करावी लागते, हे तिने भोगलंय. ते तिकीट काढायच्या आधीची पाच वर्षं इथेच नीट मिळाली पाहिजेत. या कामाला ‘आता क्लास घेतात’ म्हणणार?

काही जण म्हणतात की हे सगळं मोठ्या नावांचं झालं, आमच्या गल्लीतल्या बाईंचं काय. तर माझा अनुभव गल्लीतल्या बाईंचाच आहे. तिशीत असताना मी वांद्र्याला एका गोवन बाईंकडे सात-आठ महिने गाणं शिकले. त्या तरुणपणी लिस्बनला जाऊन गायलेल्या, परत आल्या त्याला मी शिकायला लागले तोपर्यंत चाळीस वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला गाऊच दिलं नाही. सतरंजीवर उताणं झोपवलं, पोटावर जाड डिक्शनरी ठेवली, आणि म्हणाल्या ती हळूहळू वर जाऊदे, खाली येताना तर अजून हळू. पंधरा मिनिटं आम्ही दोघी ती डिक्शनरी बघत होतो. मग त्या म्हणाल्या, “बघ बाय, हेंच गाणं. बाकी सगळें मागीर.” मागीर म्हणजे नंतर. मी गायिका झाले नाही, पण शाळेत रोज सहा तास शिकवते, वीस वर्षं झाली, आणि माझा आवाज एकदाही बसला नाही. स्टाफरूममध्ये निम्म्या बायका मार्च आला की गोळ्या चघळत असतात.

त्यांच्या पियानोवर मार्केझीबाईंच्या व्यायामांचं पुस्तक असायचं, कव्हर गेलेलं, पानं चिकटपट्टीने जोडलेली. ही मातिल्ड मार्केझी फ्रँकफर्टची, गार्सियाकडे शिकली, स्टेजवर थोडंच गायली, आणि व्हिएन्ना-पॅरिसमध्ये शिकवून तिने गायिकांची फौज उभी केली. तिच्याकडे ऑस्ट्रेलियातून नेली मेल्बा आली, जग जिंकून परत गेली आणि १९१५ पासून मेलबर्नच्या संगीत विद्यालयात मुलींना शिकवायला लागली. स्पेन, पॅरिस, लंडन, फ्रँकफर्ट, मेलबर्न, आणि त्याचीच एक फांदी वांद्र्याच्या तिसऱ्या मजल्यावर. त्या पुस्तकात प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने श्वासाचे स्वल्पविराम होते, काही लिस्बनच्या शिक्षकांनी काढलेले, काही बाईंनी, काही माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांनी. एका ठिकाणी मला दरवेळी श्वास कमी पडायचा म्हणून मी तिथे मराठीत ‘इथेच घे’ लिहिलं होतं. बाईंनी ते पाहिलं, चष्मा सरळ केला, पेन्सिल घेतली आणि माझं ‘इथेच’ खोडून बाण काढून एक स्वर अलीकडे नेलं. पुढच्या वेळी श्वास पुरला.